विलायतेत जेवावे कोठे?

(मंडळाच्या पेठ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस नेमून दिलेला विषय जाहीर होताच मंडपात थोडी खसखस पिकली, ती आमच्याही कानी आली. ज्ञातीच्या व्यासपीठावरून विद्याप्रसाराविषयी बोलावे, लग्नखर्चाच्या मर्यादेविषयी बोलावे, वसतिगृहाच्या निधीविषयी तर बोलावेच बोलावे. लंडन शहरात जेवावे कोठे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तथापि या सभेत बसलेल्या किती घरांतून मुलगा, मुलगी, सून अथवा जावई विलायतेस गेला आहे, याची मोजदाद प्रत्येकाने मनाशी करून पाहावी. त्यांच्या पाठोपाठ, नातवंडाच्या बारशाचे निमित्त करून, जन्मभर मंचरच्या बाजारापलीकडे क्वचितच गेलेले आजी-आजोबाही आता विमानात बसू लागले आहेत. निरोपाच्या वेळी घरची माउली जो प्रश्न विचारते तो पदवीचा नसतो आणि पगाराचाही नसतो. "तिकडं जेवशील काय, बाळा?" एवढाच तो असतो. आमच्या कन्येच्या बिऱ्हाडी लंडनास दोन उन्हाळे आणि एक हिवाळा राहण्याचा योग आम्हांस आला. तेथे पायपीट करून जे पाहिले आणि वाचनात जे आले, त्याच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर आज देण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, परक्या शहरात पोटाची सोय कशी लावावी हा प्रश्न आपल्या आंबेगाव-जुन्नर भागास मुळीच नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे धनी मुंबईस गेले तेव्हा तो त्यांच्यापुढे उभा राहिलाच होता. गिरणगावातल्या एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस गडी राहत. बायका-मुले गावी, शेत सांभाळीत. त्या गड्यांना दोन वेळची भाकरी घातली ती खानावळवाल्या बायांनी. आपल्याच मुलखाची, आपल्याच चवीचे कालवण करणारी एखादी बाई पाहावयाची, महिन्याचे पैसे ठरवावयाचे आणि तिच्या चुलीपाशी ताट घेऊन बसावयाचे, अशी ती व्यवस्था होती. याच बायांची संघटना पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. आणि डबेवाल्यांविषयी तर येथे बोलणे म्हणजे घरच्या माणसास घर दाखविणे होय. १८९० पासून मुंबईच्या चाकरमान्यांस घरचे जेवण कचेरीत पोचते करणारी ही मंडळी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतलीच. इंग्लंडचे युवराज चार्ल्स २००३ मध्ये मुंबईस आले असता चर्चगेट येथे त्यांस मुद्दाम भेटले, आणि एप्रिल २००५ मध्ये युवराजांच्या विवाहाचे निमंत्रण येऊन डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी विलायतेस जाऊन आले. दुसऱ्याच्या जेवणाची चिंता वाहणारी ही माणसे, आणि परमुलखात गेल्यावर आपलीच मुले उपाशी राहावीत, हे काही शोभत नाही.

मुंबईहून लंडनास उडी घ्यावयाची तर मध्ये समुद्र आहे, आणि एके काळी हा समुद्र पाण्यापेक्षा ज्ञातीच्या निर्बंधांनीच अधिक खोल झाला होता. हे आम्ही ज्ञातिसंस्थेच्या मंचावरून मुद्दाम सांगत आहोत. १८८८ मध्ये मोहनदास गांधी नावाचा राजकोटचा तरुण बॅरिस्टरीसाठी निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या मोढ बनिया ज्ञातीची सभा भरली. विलायतेत धर्म राहत नाही, तेथे खाणेपिणे साहेबांबरोबर करावे लागते, असा आक्षेप. मुलगा ऐकेना, तेव्हा शेठांनी त्यास ज्ञातिबाह्य ठरविले आणि त्यास मदत करील वा बंदरावर निरोप द्यावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड फर्माविला. आपल्या पुण्यातही फार निराळे नव्हते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे आली. रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे होती. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि एवढ्याशा चहावरून ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. समुद्र ओलांडला नव्हता, हौदापर्यंतच गेले होते, तरी ही गत! आज या गोष्टींचे हसू येते. परंतु परगावाहून आलेल्या मुलास "तिकडे काय काय खाल्लेस?" असे आपण ज्या सुरात विचारतो, त्या सुरात जुन्या सव्वा रुपयाची किणकिण अद्याप अधूनमधून ऐकू येते, असे आम्हांस वाटते. तो सूर ओळखून पोरे खरे सांगत नाहीत.

गांधींची पुढली हकीकत आमच्या विषयास फारच उपयोगी आहे. त्यांनी ती आत्मचरित्रात स्वतः सांगितली आहे. आईपाशी मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची शपथ घेऊन ते ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोटीवर चढले. बोटीवर जेवणाची घंटा होई, परंतु कोणत्या पदार्थात मांस नाही हे इंग्रजीत विचारण्याचे धाडस होईना. म्हणून टेबलाशी न जाता बरोबर नेलेली मिठाई आणि फळे यांवर त्यांनी खोलीतच दिवस काढले. लंडनास पोचल्यावर बिऱ्हाडाच्या मालकिणीने उकडलेली भाजी आणि पाव पुढे ठेवावा. पाव दोन-तीन तुकड्यांहून अधिक मागण्याचा संकोच वाटे. भरल्या शहरात हा जवान मुलगा अर्धपोटी राहत होता. पुढे मालकिणीकडूनच कळले की शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत. मग रोज दहा-बारा मैल चालत, वाटेत स्वस्तशा खाणावळीत शिरून पावाने पोट भरीत, त्यांनी शोध चालविला. आणि एके दिवशी फॅरिंग्डन मार्गावर तसले उपाहारगृह दृष्टीस पडले. दाराशी काचेआड पुस्तके विकावयास मांडली होती. त्यांतले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक एका शिलिंगास विकत घेऊन ते थेट भोजनगृहात शिरले. इंग्लंडात आल्यापासून पोटभर असे ते पहिलेच जेवण.

यात आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ते उपाहारगृह त्या शहरात आधीपासूनच होते. अन्न होते, ते शिजविणारे होते, त्याच नियमाने राहणारी इंग्रज माणसेही होती. गांधी आणि ते ताट यांच्यामध्ये आडवा होता तो केवळ संकोच. पुढे तोच संकोची तरुण लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत जाऊन बसला, खोलीवर ओटची लापशी आणि कोको करून घेऊ लागला आणि निम्म्या खर्चात राहू लागला. पॅरिसचे मोठे प्रदर्शन पाहावयास गेला तेव्हा त्याने शाकाहारी भोजनाची सोय असलेले घर आधीच हेरून तेथेच सात दिवस मुक्काम केला. आयफेल मनोऱ्यावर जेवल्याची हौस मात्र त्यास आवरली नाही. उंचावर जेवल्याचे समाधान मिळविण्यापायी सात शिलिंग उधळल्याची नोंद त्यांनी करून ठेविली आहे. मनोऱ्यांच्या माथ्यावरचे आणि पायथ्याचे जेवण तेव्हापासून आजतागायत महागच आहे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२० मध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास पुरा करण्यास ते पुन्हा लंडनास गेले, तेव्हा अडचण निराळी होती. नियमाचा प्रश्न नव्हता. पैसा नव्हता आणि वेळ नव्हता. चरित्रकार सांगतात की, सकाळी बिऱ्हाडाची मालकीण पावाचा तुकडा, थोडा मुरंबा, माशाची फोड आणि चहा देई. त्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत आणि ते बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारच्या जेवणास फाटा. रात्री वाचता वाचता भूक असह्य झाली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खात. ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज मार्गावरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, आणि तेथे आता त्यांचे स्मारक आहे. लंडनास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तेथे जावे. पत्र्यावरचा तो पापड डोळ्यांपुढे आणला म्हणजे घरातल्या अभ्यास करणाऱ्या मुलाच्या ताटाकडे लक्ष देण्याची बुद्धी होते.

ही जुनी उदाहरणे झाली म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. आमच्या तेथील मुक्कामात आपल्याच भागातला एक विद्यार्थी कन्येच्या घरी आला. गडी वाळून काडी झालेला. तीन महिने पाव आणि पाकिटातल्या शेवया यांवर तो राहिला होता. गावी मात्र दर रविवारी आईस सांगे, "जेवतो ना, अगदी व्यवस्थित." आम्ही खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "काका, पाटीवरचं वाचता येतं हो, पण आत काय घातलंय ते विचारायची लाज वाटते. आणि इतकं महाग कसं खाऊ?" गांधींचा संकोच आणि आंबेडकरांची तंगी, दोन्ही त्या एका मुलापाशी एकत्र आली होती. त्यास आम्ही ज्या ज्या ठिकाणी नेले त्यांतली काही येथे सांगतो.

फिट्झरॉय चौकात भारतीय विद्यार्थ्यांसाठी चालणारी इंडियन वाय.एम.सी.ए. ही संस्था आहे. स्थापना १९२० ची. भात, आमटी, भाजी असे साधे ताट तेथे मिळत आले आहे, आणि कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावर पदव्या घेतल्या आहेत. स्ट्रँड मार्गावर इंडिया क्लब नावाची १९५१ मध्ये स्थापन झालेली एक जागा होती, तेथील डोसा आणि चहा यांची आठवण जुनी माणसे काढीत. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांतला पत्ता घेऊन कोणी तेथे जाऊ नये. साउथॉल या पंजाबी वस्तीच्या उपनगरात गुरू नानक मार्गावर (पूर्वीचा हॅवलॉक मार्ग) मोठा गुरुद्वारा आहे. तेथील लंगरात कोणीही जावे, डोके झाकावे, जोडे काढावे आणि पंक्तीत बसावे. डाळ, भाजी, पोळी मिळते. कोणी दाम मागत नाही, आणि शेजारी कोण बसला आहे त्याची जात कोणी विचारीत नाही. आमचा तो विद्यार्थी तेथे सहा पोळ्या जेवला. नीसडन येथे १९९५ मध्ये बांधलेले स्वामिनारायण मंदिर आहे, त्यास लागून कांदा-लसूणही न घालणारे उपाहारगृह आहे. माळकरी मंडळींची तेथे उत्तम सोय होते. वेम्बलीचा ईलिंग मार्ग गुजरात्यांचा, टूटिंग आणि ईस्ट हॅम दाक्षिणात्यांचे. आपले म्हणावे असे महाराष्ट्र मंडळ लंडनास १९३२ पासून आहे, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने ते निघाले आणि आज डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे. गणेशोत्सवात तेथे गेले की मराठी बोल आणि मराठी चव एकाच छपराखाली लाभते.

मात्र एक सूचना. रस्तोरस्ती "इंडियन" अशी पाटी दिसते म्हणून हुरळून जाऊ नये. हिंदी खाण्याची विलायतेतील परंपरा जुनी आहे खरी. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद यांनी १८१० मध्येच लंडनात जॉर्ज मार्गावर हिंदुस्तानी कॉफी हाऊस काढले होते. दोन वर्षांतच त्यांचे दिवाळे वाजले, ही गोष्ट निराळी. परंतु अलीकडील शतकात जी हजारो "इंडियन" उपाहारगृहे तेथे निघाली, त्यांतली बहुतेक बांगलादेशातील सिल्हेट भागाच्या लोकांनी चालविलेली आहेत. कष्टाळू माणसे, यात शंका नाही. पण तेथला मसाला साहेबाच्या जिभेस बेतलेला. लालभडक गोडूस रश्श्यातील कोंबडी खाऊन "हे कुठलं आपलं?" असे एका आजोबांनी आम्हांस विचारले, तेव्हा ते आपले नव्हेच, हे त्यांस समजावून सांगावे लागले. आपले जेवण शोधीत जाऊन दुसऱ्याचेच खावयाचे, तर मग त्या शहराचे स्वतःचे जेवण का चाखू नये?

आणि येथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. पेटीभर चिवडा आणि चटण्या घेऊन गेलेली, खोलीतच कुकर लावणारी आणि शहर खिडकीतून पाहून परत येणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. उलट, एकदा परदेशी गेल्यावर सगळेच चालते असे म्हणून डोळे मिटून खाणारे आणि घरी आल्यावर मनात खंत करीत बसणारेही पाहिले आहेत. दोघांचीही जेवणे वाया गेली. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपला नियम घरीच स्वतःशी ठरवावा. आपल्यापैकी पुष्कळांस मटणाचे वावडे नाही, पण गोमांस वर्ज्य आहे. काहींस अंडे चालते, काहींस नाही. काहींची एकादशी आहे. जो काही नियम असेल तो लहानशा तीन वाक्यांत इंग्रजीत पाठ करावा आणि वाढप्यास प्रथमच सांगावा. नुसते "शाकाहारी" म्हणून भागत नाही. "मासा चालेल ना?" असे तेथला वाढपी भाबडेपणाने विचारतो, कारण पुष्कळ गोऱ्या लोकांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. तेव्हा मांस नको, मासा नको, अंडे नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. असे सांगण्यात कमीपणा मुळीच नाही. २०१४ च्या डिसेंबरपासून दूध, अंडी, मासे, दाणे आदि १४ पदार्थांपैकी काय काय अन्नात आहे हे गिऱ्हाइकास सांगणे युरोपातील उपाहारगृहांस कायद्याने बंधनकारक झाले. इंग्लंड पुढे युरोपीय संघातून बाहेर पडले तरी हा नियम तेथे राहिला आहे. त्यामुळे विचारणारे गिऱ्हाईक ही तेथे रोजची बाब आहे.

खाद्यपत्रिकेवर पदार्थापुढे "व्ही" हे अक्षर असले की तो शाकाहारी समजावा; "व्हीगन" असे असेल तर दूध-तूपही नाही. हा शब्दही इंग्लंडातच १९४४ मध्ये निघाला. भाजीचे सार दिसले तरी ते हाडांच्या पाण्यात केले आहे काय, ते विचारावे. थरथरत्या गोड वड्यांत जिलेटिन असते. इटालियन पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रसाने विरजलेले असते. उत्तर इंग्लंडात बटाट्याच्या फोडी पुष्कळ ठिकाणी बैलाच्या चरबीत तळतात, दक्षिणेत बहुधा तेलात. "मिन्स" म्हणजे खिमा, आणि तो बहुधा गाईबैलाचा. मेंढीचा हवा असल्यास तसे विचारावे. एवढी पाच-सहा ठिकाणे माहीत असली की बाकी भीतीचे कारण उरत नाही.

जागा कशी ओळखावी? प्रेक्षणीय स्थळाच्या चौकात बसू नये. दोन गल्ल्या आत शिरावे. दाराबाहेर दर लिहिलेली पत्रिका लावलेली असते; ती उभ्याने, सावकाश वाचावी, आणि पटली नाही तर पुढे चालू लागावे. त्यात कोणी रागावत नाही. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे जेथे गर्दी करतात तेथे अन्न ताजे आणि दर बेताचे असतात. पॅरिसमध्ये दुपारी ठरलेल्या किमतीचे दोन-तीन पदार्थांचे ताट मिळते; तेच रात्री मागाल तर भुर्दंड बसतो. तेथे दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ, मग स्वयंपाकघर बंद होते ते संध्याकाळी सातपर्यंत. स्पेनमध्ये रात्री नवाच्या आत जेवावयास जाणारा एकटाच बसतो. लंडनात उलट, नवानंतर पुष्कळ ठिकाणी दिवे मालवू लागतात. पाणी मागताना नळाचे मागावे. पॅरिसमध्ये त्याची सुरई फुकट देतात, आणि इंग्लंडात मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागी ते फुकट देण्याचा नियमच आहे. बाटलीचे मात्र पैसे पडतात, आणि ते इतके की आपल्याकडे त्यात दूध यावे. बिलात सेवेबद्दल आठवा हिस्सा लावलेला आढळेल. लंडनात तो बहुधा ऐच्छिक असतो. ट्रॅफल्गार चौकात सेंट मार्टिनच्या देवळाखालील तळघरात एक उपाहारगृह आहे, तेथे दगडी कमानींखाली बसून बेताच्या दरात सूप आणि पाव मिळतो. चौकात बसू नये या आमच्या सूचनेस तेवढा अपवाद करावा. हल्ली सर्वजण फोनवरचे तारे मोजून जागा निवडतात. तारे देणाराची जीभ आपली नसते, एवढे स्मरणात ठेवून ते खुशाल मोजावेत.

लंडनाबाहेरचे एक ठिकाण सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक शहरी हिल्टल नावाचे शाकाहारी भोजनगृह १८९८ पासून आहे. जगातील सर्वांत जुने म्हणून त्याची नोंद झालेली आहे. त्याचा मूळपुरुष अंब्रोसियस हिल्टल हा शिंपीकाम करणारा कारागीर. संधिवाताने हात धरले, सुई चालेना, डॉ. बिर्खर-बेनर यांनी त्यास मांस सोडावयास सांगितले. तो जेवावयास या भोजनगृहात येऊ लागला, बरा झाला आणि १९०४ मध्ये त्याने तेच चालवावयास घेतले. त्या काळी तेथे जाणाऱ्यांची लोक टर उडवीत. पुढे १९५० च्या दशकात त्या घरची सून शाकाहारी परिषदेसाठी भारतात आली आणि आपल्याकडचे पदार्थ व मसाले शिकून गेली. तिच्या आचाऱ्यांना ते पसंत पडेनात, म्हणून हिंदी पाहुणे आले की ती स्वतःच्या घरच्या चुलीवर रांधून वाढी. झुरिकमध्ये डाळ-भात मिळू लागला तो असा. आपल्या खानावळवाल्या बायांचीच ही परदेशी बहीण, असे आम्ही म्हणतो.

आता बटाटा. सातगाव पठारावरच्या मंडळींपुढे बटाट्याविषयी बोलणे हे धाडसच होय. परंतु हा आपला बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलेला आणि पोर्तुगीजांनी त्यांच्या शब्दासकट आपल्याकडे आणलेला. युरोप त्यावरच पोसला. ज्या करप्याच्या भयाने आपण पावसाळी रात्री आभाळाकडे पाहत बसतो, त्याच करप्याने १८४५ पासून आयर्लंडचे पीक ओळीने बुडविले आणि सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. तेथला शेतकरी आणि पेठेचा शेतकरी एकमेकांची भाषा न जाणताही शेतात उभे राहून तासभर बोलू शकतील.

लंडनच्या रस्त्यांवर भाजलेले बटाटे विकणारे फेरीवाले हेन्री मेह्यू या लेखकाने १८५१ च्या आपल्या ग्रंथात वर्णिले आहेत. थंडीत गिऱ्हाईक तो बटाटा आधी हात शेकावयास घेई आणि मग खाई. आजही तेथे साध्या उपाहारगृहांत सालीसकट भाजलेला मोठा बटाटा, मधोमध चिरून, वर लोणी घालून मिळतो. पोटभरीचा, स्वस्त, आणि ओळखीचा. वर वाल-घेवड्याची उसळ हवी असल्यास तीही घालून देतात. एकादशीच्या दिवशी उसळ नको म्हणावे, लोणी आणि मीठ घ्यावे, उपासाला चालते. आमच्या सौभाग्यवतींनी आषाढी एकादशी तेथे याच बटाट्यावर पार पाडली.

बटाट्याचे आणखी एक रूप तेथे आपली वाट पाहत आहे. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकावयास आरंभ केला, असे सांगतात. मुंबईच्या रिझवी महाविद्यालयात एकत्र शिकलेल्या दोन मित्रांनी २०१० मध्ये लंडनच्या हाउन्स्लो भागात वडापावचे दुकान थाटले. नोकरी गेलेली, हाती भांडवल नाही; एका आइस्क्रीमच्या दुकानात कोपरा भाड्याने घेऊन आरंभ केला, एक पौंडास वडा विकला, आणि पुढे दुकानाच्या शाखा निघाल्या. तेथे रांगेत आम्ही उभे होतो तेव्हा पुढे दोन गोरे विद्यार्थी "लाल चटणी जास्त" असे बजावून सांगत होते.

निघणाऱ्यांसाठी शेवटची व्यवहाराची गोष्ट. पेढे, बर्फी, खव्याचे पदार्थ, मांसाचे काहीही, बरोबर नेऊ नये. दूध आणि मांस यांचे पदार्थ आपल्याकडून विलायतेत नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून टाकतात. कढीपत्त्याची ताजी जुडीही नको. कच्चा बटाटाही नको; पेठेचा माणूस जाऊ शकतो, पेठेचा बटाटा जाऊ शकत नाही. सुका मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि पापड मात्र खुशाल न्यावेत. पापडांस पत्रा लागत नाही, बिऱ्हाडातल्या शेगडीवर भाजतात.

येत्या सप्टेंबरात शिक्षणासाठी जाणारी जी मुले-मुली येथे आहेत त्यांनी जेवणानंतर आम्हांस भेटावे; पत्ते आणि तीन वाक्यांचे इंग्रजी कागदावर लिहून आणले आहे. तेथे आधीपासून असलेल्यांनी आपापल्या शहरातील ठिकाणे चिटणीसांकडे कळवावीत, म्हणजे पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत एक पान त्यासाठी राखता येईल. मागे पत्रावळी मांडल्याचा आवाज येऊ लागला आहे आणि चिटणीस आम्हांस खुणावीत आहेत.